चार तासांच्या व्हिडिओ ईईजीतून काय कळतं, काय कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा: धाकटी बहीण २३ वर्षांची. अडीच वर्षांपासून फिट येतात, आठवड्यातून दोन-तीनदा. खाली पडते, हातपाय झाडते, डोळे मिटलेले असतात, दहा-पंधरा मिनिटं चालतं. एमआरआय नॉर्मल. पहिला ईईजी (डोक्यावर तारा लावून काढलेला मेंदूच्या विजेचा आलेख) नॉर्मल, दुसऱ्यावर ‘डाव्या बाजूला शार्प वेव्ह’ असं लिहिलंय. लेव्हेटिरासिटाम आणि क्लोबाझाम या फिटच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. आता नव्या डॉक्टरांनी चार तासांचा व्हिडिओ ईईजी सांगितलाय आणि ‘या फिट कदाचित मेंदूतल्या विजेच्या नसतील’ असंही ते म्हणाले. आई बहिणीजवळ गावी असते, मी पुण्यात. तपासणीला मीच घेऊन जाणार आहे. चार तासांत काय कळणार? ती नाटक करते असं त्यांना म्हणायचंय का? आणि रिपोर्टवर मिरगी आलं तर तिच्या लग्नाचं काय?

तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्या फिट कसल्या हे इथे बसून सांगणार नाही. मिटलेले डोळे आणि पंधरा मिनिटं हे वाचून मनात एक अंदाज आला, हे लपवत नाही. तुमच्या डॉक्टरांच्याही मनात तोच आला असणार. पण अंदाजावर अडीच वर्षांची औषधं बंद करता येत नाहीत आणि चालूही ठेवता येत नाहीत, म्हणून ही तपासणी.

चार तास पुरेसे का, हा प्रश्न मला रोज विचारतात. तासांना फार महत्त्व देऊ नका. चार तासांत एक झटका आला आणि तो तिचा नेहमीचाच झटका असेल, तर काम झालं. पाच दिवस दाखल करून एकही झटका आला नाही, तर मोठं बिल होतं आणि प्रश्न तिथेच राहतो. आठवड्यातून दोन-तीनदा झटके येणाऱ्या माणसाला आधी लहान तपासणी करणं शहाणपणाचं आहे. ज्याला तीन महिन्यांतून एकदा येतो त्याला मी चार तासांसाठी बोलावत नाही. तो झटका नेमका मंगळवारी सकाळी दहा ते दोनमध्ये यावा, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आधी साध्या ईईजीबद्दल बोलू, कारण त्या ‘शार्प वेव्ह’ने, म्हणजे मिरगीची खूण मानल्या जाणाऱ्या टोकदार लहरीने, तुमच्या घरात बराच गोंधळ घातलेला दिसतो. साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा आणि तो जवळजवळ नेहमी दोन झटक्यांच्या मधल्या काळात होतो. म्हणजे डिसेंबरात कौलं बघून पावसाळ्यात कुठे गळेल ते सांगायचं. फुटलेलं कौल दिसलं तर दिसलं, नाही दिसलं म्हणून गळणार नाही असं नाही. खरी मिरगी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. कारणही साधं आहे. कवटीवर लावलेल्या तारेपर्यंत एखादी लहर पोचायची, तर मेंदूच्या सालीचा निदान सहा ते दहा चौरस सेंटिमीटरचा तुकडा एकाच वेळी पेटावा लागतो. त्याहून लहान ठिणगी किंवा आत घडीत दडलेली ठिणगी वरून दिसतच नाही.

उलटी चूक मला जास्त छळते. डुलकी लागताना कानशिलाच्या भागात टोकदार, कमानदार लहरी येतात. त्यांना आम्ही विकेट म्हणतो. त्या निरोगी माणसात असतात आणि त्यांचा मिरगीशी संबंध नसतो. घाईत वाचणारा त्यांना ‘शार्प वेव्ह’ लिहून मोकळा होतो. पुढचा डॉक्टर मूळ आलेख न बघता रिपोर्टची शेवटची ओळ वाचतो, त्याच्या पुढचा मागचं प्रिस्क्रिप्शन वाचतो, आणि बघता बघता माणूस दहा वर्षं गोळ्या खात राहतो. तुमच्या बहिणीचंही असंच झालंय असं म्हणत नाही. दुसऱ्या ईईजीची सीडी किंवा फाइल मिळवा आणि घेऊन जा, एवढंच म्हणतो. कागदावरचं वाक्य कुणाच्या उपयोगाचं नाही.

व्हिडिओ ईईजीत मेंदूची वीज, हृदयाचा ईसीजी, आवाज आणि चित्र हे सगळं एकाच घड्याळावर नोंदलं जातं. दहा वाजून सतरा मिनिटं बावीस सेकंदांनी तिचा उजवा हात उचलला गेला, तेव्हा मेंदूत काय चाललं होतं, हे शेजारी शेजारी दिसतं. ईसीजीची तार लोकांना फालतू वाटते. ती सगळ्यात स्वस्त आणि कधीकधी सगळ्यात मोलाची. हृदयाचे ठोके काही सेकंद थांबून चक्कर आलेला माणूसही हातपाय झाडतो आणि त्याला वर्षानुवर्षं फिटची औषधं चालू असतात. त्याला न्यूरॉलॉजिस्ट नको, पेसमेकर हवा असतो.

खोलीत काय होतं ते सांगतो, म्हणजे बहीण घाबरणार नाही. टेक्निशियन टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजते, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजते, पेन्सिलने खुणा करते आणि त्या खुणांवर पेस्ट लावून एकवीसेक तारा चिकटवते. तेल लावलेल्या केसांत पेस्ट धरत नाही. आमच्याकडे निम्म्या बायका डोकं थंड राहावं म्हणून चपचपीत तेल लावून येतात आणि पहिला अर्धा तास तेल पुसण्यात जातो. सुई नाही, करंट नाही. यंत्र मेंदूतून वीज घेतंही नाही आणि देतही नाही, नुसतं ऐकतं.

मग थोडी चिथावणी द्यायची. तीन मिनिटं जोरात श्वास. लहान मुलांना आम्ही कागदी भिरभिरं देतो आणि फुंकत राहायला सांगतो. वर्गात ‘लक्ष नसतं’ म्हणून मार खाल्लेली मुलं भिरभिरं फुंकता फुंकता मधेच थांबतात, नजर शून्यात जाते. पडद्यावर सेकंदाला तीन या वेगाने टोकं आणि लाटा सुरू होतात. दहा सेकंदांनी मूल जिथे थांबलं तिथून पुढे फुंकायला लागतं. आई म्हणते, हेच, हेच होतं. त्या निदानाला चार तास कशाला, चार मिनिटं पुरतात. त्यानंतर डोळ्यांसमोर वेगवेगळ्या वेगाने लखलखणारा दिवा. आदल्या रात्री कमी झोपायला सांगितलेलं असेल तर थोडी झोप आणि जाग येतानाची नोंद. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या एका प्रकारच्या मिरगीत सकाळी उठल्यावर हात दचकतात, कप सुटतो, ब्रश उडतो. ते याच वेळी सापडतं. कुणाला जेवतानाच झटका येत असेल तर डबा आणायला सांगतो आणि कॅमेऱ्यासमोर जेवायला बसवतो. एक बाई आमटी-भाताच्या तिसऱ्या घासाला नेमक्या थांबल्या होत्या.

झटका आला की खोलीतल्या माणसाचं काम सुरू होतं. टेक्निशियन पांघरूण बाजूला करते, नाव विचारते, ‘हात वर करा’ म्हणते, ‘लाल बैल’ असे दोन शब्द सांगते आणि नंतर ते आठवतात का ते विचारते. इथे नातेवाइकांना हात जोडून विनंती असते: कॅमेऱ्याच्या आड येऊ नका. पण होतं काय? झटका सुरू झाला की आई धावते, लेकीचा चेहरा छातीशी धरते, आत्या तळपाय चोळते, मामा पिशवीतून कांदा काढतो. शेवटी माझ्याकडे मामाच्या पाठीचं सुरेख चित्रीकरण उरतं. त्यात फिट शोधायची कशी?

आता डोळे. मिरगीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या, मोठ्या झटक्यात डोळे बहुतेक वेळा उघडे असतात, वर किंवा एका बाजूला फिरलेले. तुम्ही लिहिलंय तसे झटकाभर घट्ट मिटलेले डोळे दुसरीकडे बोट दाखवतात, विशेषतः कुणी पापणी उघडू गेलं तर विरोध होत असेल तेव्हा. मोठा झटका एक-दोन मिनिटांत संपतो. आधी अंग ताठ, मग ठोक्यांसारखे झटके. सुरुवातीला ते भरभर असतात, नंतर दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जातं आणि शेवटचा ठोका मोठा, एकटा. मग घोरल्यासारखा घरघरता श्वास, आणि ईईजी सपाट होऊन सावकाश लहरींवर येतो. दुसऱ्या, म्हणजे विजेच्या नसलेल्या, झटक्यात हालचाल वाढते, ओसरते, थांबते, परत सुरू होते. डोकं ‘नाही नाही’ म्हटल्यासारखं हलतं. कधी मधेच रडू येतं. हालचालीचा जोर कमीजास्त होतो, पण वेग बहुधा तोच राहतो. जिभेची कड चावली जाणं हे मिरगीकडे झुकतं. कपड्यात लघवी होणं कशाकडेच झुकत नाही, लोक त्याला उगाच मोठा पुरावा मानतात.

यातल्या कुठल्याही एकाच खुणेवर मी निदान केलेलं नाही, आणि तुम्हीही घरी बसून करू नका. खरा निवाडा शेजारच्या पडद्यावर होतो. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी येना शहरात १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली आणि १९२९ मध्ये जगासमोर ठेवली. डोळे मिटून स्वस्थ, पण जागं असताना डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला आठ ते तेरा वेळा उठणारी लहर त्यांनी दाखवली. तिला अल्फा म्हणतात. डोळे उघडले की ती विरते. आता कल्पना करा, मुलगी पलंगावर निपचित पडलेली, हाका मारून उत्तर नाही, चिमटा काढला तरी नाही आणि मागच्या तारांवर सुरेख अल्फा वाहतोय. खऱ्या बेशुद्धीत तो असा दिसत नाही. मेंदू जागा आहे, ‘ती’ मात्र तिथे नाही. आमच्या हातात येणाऱ्या पुराव्यांतला हा सगळ्यात स्वच्छ पुरावा. जोराने हातपाय झाडत असताना स्नायूंच्या विजेने सगळा आलेख काळा होतो, तेव्हा मी त्याच्या आधीचे दहा सेकंद, मधले थांबे आणि नंतरचं मिनिट बघतो. मिरगीच्या मोठ्या झटक्यानंतर मेंदू क्षणात पूर्ववत होत नाही.

थोडी चिथावणी म्हटलं, त्यातला एक भाग वादाचा आहे. पूर्वी ‘हे इंजेक्शन दिलं की फिट येते’ असं सांगून साधं सलाईन टोचायचे. फिट यायची, मग ‘बघा, पाणी दिलं होतं’ म्हणायचे. शिकाऊ असताना मीही ते केलंय. झटका मिळायचा, पण विश्वास जायचा, आणि या आजाराच्या उपचाराचा पाया विश्वासच. आता मी सरळ सांगतो: ‘दिव्याने आणि श्वासाने काही लोकांना नेहमीचा झटका येतो. आज तो आला तर चांगलंच, आपल्याला तो बघायचाच आहे.’ एवढ्या खऱ्या वाक्यावर, विजेचे नसलेले झटके ज्यांना येतात त्यांच्यापैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांना त्या दोन-चार तासांत झटका येतो. लहान तपासणी चालते ती याच बळावर. तुमच्या डॉक्टरांनी सलाईनची युक्ती सुचवली तर नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

याच ठिकाणी मी एकदा सडकून चुकलो. प्रॅक्टिसची पहिली वर्षं. विशीतला मुलगा, दिवा सुरू केल्यावर त्याचं अंग थरथरलं, डोळे मिटले, चार मिनिटं चाललं. ईईजीवर काही नाही. मी खूष. ‘झटके मिरगीचे नाहीत’ असं लिहून सही केली. मुलाबरोबर त्याचा मित्र आला होता, त्याने झटके कधी पाहिलेच नव्हते. काही महिन्यांनी आई आली, कारण गोळ्या बंद झाल्यावर मुलगा टपरीवर चहा घेताना पडला, जीभ फाटली होती. मी तिला जुना व्हिडिओ दाखवला. तिने पूर्ण पाहिला आणि म्हणाली, ‘डॉक्टर, हे काय आहे? असं त्याला कधी झालंच नाही. तो तर गप्प होतो, तोंड चघळतो आणि शर्टाची बटणं चाचपत बसतो.’ तिने दोन बोटांनी स्वतःच्या पदराचा काठ चाचपून दाखवला. ती मिरगी होती, कानशिलाच्या भागातली, अगदी पाठ्यपुस्तकातली. दिव्यासमोर आलेली थरथर ही बावरलेल्या मुलाची थरथर होती, त्याच्या आजाराशी तिचा संबंध नव्हता. त्या दिवसापासून माझ्या रिपोर्टात एक ओळ ठरलेली आहे: नोंदलेला झटका कुणाला दाखवला, आणि तो नेहमीचाच आहे असं ते म्हणाले का. ती ओळ रिकामी असेल तर मी निदान लिहीत नाही.

आंतरराष्ट्रीय अपस्मार (म्हणजे मिरगी) संघटनेच्या कार्यगटानेही २०१३ मध्ये ‘झटके मिरगीचे नाहीत’ या निदानाच्या खात्रीच्या चार पायऱ्या मांडल्या. सगळ्यात खाली ऐकीव वर्णन आणि नॉर्मल ईईजी. सगळ्यात वर अनुभवी डॉक्टरने व्हिडिओ ईईजीवर वाचलेला, माणसाचा नेहमीचा झटका. डॉक्टरांना विचारा, ‘आपण कितव्या पायरीवर आहोत?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

उलट बाजूची फसगतही सांगायला हवी, नाहीतर ‘डोळे मिटले म्हणजे मानसिक’ असं घेऊन बसाल. आश्रमशाळेत शिकणारा चौदा वर्षांचा मुलगा. रात्री झोपेतून किंचाळत उठायचा, सायकल चालवल्यासारखे पाय मारायचा, अर्ध्या मिनिटात शांत. शुद्ध बहुतेक शाबूत. वसतिगृहात आधी भुताटकी झाली, मग अंगारे-धुपारे, मग शहरातल्या डॉक्टरांकडे ‘नाटक’. त्याला रात्रभर जागवून सकाळी झोपवलं. साडेतीन तासांत तीन झटके. ईईजीवर निव्वळ स्नायूंचा काळोख, मिरगी म्हणावं असं काही नाही. पण तिन्ही व्हिडिओ शेजारी लावले तर सेकंद न् सेकंद सारखे: आधी डावा खांदा उचलणार, मग तोंड वाकडं, मग किंकाळी, मग पाय. माणूस नाटक तीनदा इतकं सारखं करू शकत नाही, झोपेतून तर नाहीच. कपाळामागच्या भागातली मिरगी अशीच असते, वेडीवाकडी, थोडक्यात आटपणारी, रात्रीची, आणि वरच्या तारांना बरेचदा न दिसणारी. औषध बदललं आणि त्याच्या रात्री शांत झाल्या. म्हणून ‘झटक्यात ईईजी नॉर्मल’ याचा अर्थ झटका कसला यावर ठरतो. सगळं अंग हलतंय, शुद्ध हरपलीय आणि ईईजी स्वच्छ आहे, तर मिरगी नाही असं ठामपणे म्हणता येतं. नुसता हात मुंग्यांनी भरला, शुद्ध पूर्ण आहे आणि ईईजी स्वच्छ आहे, तर काहीच म्हणता येत नाही.

शिवाय दोन्ही एकत्र असू शकतं. विजेचे नसलेले झटके येणाऱ्यांपैकी दहातल्या एका-दोघांना खरी मिरगीही असते. त्यामुळे बहिणीला दोन तऱ्हांचे झटके येत असतील, एक पंधरा मिनिटांचा आणि एक नुसता टक लावून बघण्याचा, तर एकाचं निदान दुसऱ्याला लागू होत नाही. आईला हे नीट विचारा. ‘फिट येते’ या दोन शब्दांत घरोघरी चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नाही, नाटक नाही. झटके विजेचे नाहीत असं निघालं तरी ते तिच्या हातात नसतात. छातीत धडधड भीतीने झाली तर ती खोटी असते का? शरीर आणि मन यांच्यामधली एक कळ आपोआप दाबली जाते आणि माणूस काही वेळ तिथून नाहीसा होतो. याला डिसोसिएटिव्ह किंवा फंक्शनल झटके म्हणतात. मोठ्या केंद्रांत व्हिडिओ ईईजीसाठी दाखल होणाऱ्यांत पाचातल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत हेच निघतं, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. आणि निदानाला सरासरी सात वर्षांच्या आसपास उशीर होतो असं जर्मनीतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. तुमच्या घरी अडीच वर्षं झालीत. पुष्कळांच्या मागे काही आघात असतो, पण सगळ्यांच्या नाही. तेव्हा ‘तुला काय टेन्शन आहे, सांग’ म्हणून तिची उलटतपासणी घेऊ नका. तिला बहुधा माहीतच नसतं. असलं, तरी ते भावाला सांगण्यासारखं असेलच असं नाही.

या निदानाचं एक नवल आहे. नीट समजावून सांगितलं, व्हिडिओ तिला आणि घरच्यांना दाखवला, ‘तुझे झटके खरे आहेत, मेंदूच्या विजेचे नाहीत, आणि हे बरं होऊ शकतं’ असं म्हटलं, तर काहींचे झटके तेवढ्यानेच कमी होतात. मी हे बोलणं कधी उभ्या उभ्या करत नाही. सगळ्यांचे कमी होत नाहीत हेही खरं. पुढचा उपचार बोलण्याचा, म्हणजे विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या सीबीटीसारख्या पद्धतीचा, या आजाराची सवय असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या ‘कोड्स’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. सीबीटी जोडून बारा महिन्यांनी झटक्यांच्या संख्येत ठळक फरक पडला नव्हता. पण झटक्याविना जाणारा काळ वाढला, त्रास कमी वाटू लागला, रोजचं जगणं सुधारलं. हे ऐकून निराश होणारे असतात. माझ्या अनुभवात, परत कामावर जाऊ लागलेली मुलगी महिन्यातून दोन झटक्यांचा बाऊ करत नाही.

औषधांना स्वतःहून हात लावू नका. क्लोबाझाम एकदम थांबवलं, तर जिला आयुष्यात कधी मिरगी नव्हती तिलाही खरी फिट येऊ शकते. ते पायरीपायरीने उतरवतात. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड आणि उदासी वाढते. बहिणीचा स्वभाव गेल्या दोन वर्षांत बदलला असं घरी म्हणत असाल, तर डॉक्टरांना नक्की सांगा. आणि निकाल उलटा, मिरगीचा निघाला, तरी ती वाईट बातमी नाही. प्रकार कळला की औषध नेमकं निवडता येतं. सकाळी हात दचकणाऱ्या मिरगीत कार्बामाझेपीन किंवा फेनिटोइन दिलं तर ती उलट बिघडू शकते. तिच्या वयात व्हॅलप्रोएट शक्यतो टाळतात, कारण ते गर्भाला घातक आहे.

पंधरा मिनिटांच्या झटक्याने घरचे घाबरून दवाखान्यात नेतात, तिथे पाच मिनिटांवरची फिट म्हणून शिरेतून झोपेची औषधं जातात, कधी श्वासाची नळी. निदान होईपर्यंत डॉक्टरांचंही चुकत नाही, खरी फिट पाच मिनिटांवर गेली तर ती आणीबाणीच असते. तुम्हीही तोवर फिट समजूनच वागा. कुशीवर वळवा, आसपासचं टणक सामान हलवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर १०८ ला फोन. दातखीळ उघडायला चमचा नको, चप्पल नको, कांदा नको.

लग्नाबद्दल. हिंदू विवाह कायद्यात मिरगी ही लग्नाला अडसर ठरवणारी तरतूद होती, ती १९९९ च्या दुरुस्तीने गेली. कायदा केव्हाच बदलला, सोयरिकीला बसलेली मंडळी बदलायची आहेत. लपवून लग्न करू नका, एवढंच सांगेन. गोळ्या लपवण्यासाठी गोळ्या बंद केलेल्या नव्या नवऱ्या मी इमर्जन्सीत पाहिल्यात. आणि तिच्या कपाळावर आज जो मिरगीचा शिक्का आहे तो चुकीचा असण्याचीही शक्यता आहे. तपासणीला घाबरायचं असेल तर हे उलट टोकाने बघा.

चार तासांत झटका आलाच नाही तर? येतो तसा नाहीही येत. दवाखान्यात आलं की दुखणं पळतं, हे दातदुखीपासून सगळ्यांना माहीत आहे. झोपेतली नोंद तरी हाती येते, त्यात काही सापडू शकतं. मग पुन्हा एकदा किंवा दोन-तीन दिवस दाखल करून. तोवर मोबाइल. घरच्या व्हिडिओने माझी अर्धी कामं सोपी झालीत. फक्त तो नीट घ्या: दिवा लावा, पांघरूण काढा, आधी पूर्ण अंग, मग चेहरा, मग परत पूर्ण अंग. मधे नावाने हाक मारा. थांबल्यानंतरही दोन मिनिटं चालू ठेवा, मला नंतरचा श्वास ऐकायचा असतो. आणि हा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिला शाम्पूने नहायला सांगा, तेल नको. पुढून बटणं असलेला कुर्ता, म्हणजे तारा लावल्यावर डोक्यावरून काढावा लागणार नाही. सकाळच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, लहान तपासणीत बहुधा चालूच ठेवतात. जुनी फाइल, गोळ्यांची पाकिटं, मोबाइलमधले व्हिडिओ.

आणि तुम्ही पुण्याहून एकटेच घेऊन जाणार म्हणताय, तो बेत बदला. तुम्ही तिचे किती झटके स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत? आईला घेऊन या. पडद्यावर झटका दाखवून ‘हेच होतं का?’ असं विचारतील, तेव्हा त्या खोलीत उत्तर देऊ शकणारं माणूस तेवढंच आहे.